साहेब खरा असला तरी फोन ठेवा

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सहसा पाण्याच्या टँकरवरून भांडणं होतात. गेल्या महिन्यात ती एका बातमीवरून झाली. शहरातल्या एका निवृत्त बाईंना ‘सीबीआय’मधून फोन आला. तुमच्या आधार कार्डावर उघडलेल्या खात्यातून काळा पैसा फिरलाय, असं सांगून त्यांना ‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे पडद्यावरूनच अटक, म्हणत दोन दिवस व्हिडिओ कॉलसमोर बसवून ठेवलं आणि ‘तपासणीपुरते’ म्हणत आयुष्याची पुंजी भलत्याच खात्यात वळती करून घेतली. बातमी पडल्यावर दहा मिनिटांत निकालही लागला. ‘एवढं शिकून उपयोग काय?’ ‘पेपर वाचत नाहीत का लोक?’ तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तर म्हणच टाकली, कर नाही त्याला डर कशाला! म्हणजे बाईंचंच काहीतरी असणार. शेवटी कुणीतरी ‘तोतया अधिकारी ओळखण्याच्या दहा खुणा’ अशी यादी पाठवली, तिला बावीस अंगठे पडले आणि विषय पुन्हा टँकरवर आला.

हा वाद सगळीकडे असाच चालतो, आणि माझ्या मते तो मुळातच चुकीच्या प्रश्नावर चालतो. फसलेल्या माणसाला खोटा साहेब ओळखता आला नाही म्हणून तो फसला, असं सगळे धरून चालतात. सबब लोकांना ओळखायला शिकवा. मला वाटतं, ओळखण्याची जबाबदारी अंगावर घेतली की आपण हरलोच. चोराचं ते रोजचं काम असतं, आपला तो पहिलाच दिवस असतो. नियम असा हवा की अनोळखी फोनवरून हुकूम, धमकी किंवा पैशाची मागणी आली की फोन ठेवायचा. समोरचा खोटा असेल तर ठेवायचाच, खरा असला तरीही ठेवायचा. आणि खऱ्याचा फोन ठेवला म्हणून तुमचं काही बिघडणार नाही, ही हमी सरकारने द्यायची. यातलं पहिलं आपल्या हातात आहे. दुसऱ्याविषयी कुणी बोलतच नाही.

माझी आत्या साताऱ्याकडे असते. वय एकाहत्तर, सरकारी कचेरीत तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त. दीड वर्षापूर्वी तिला असाच फोन आला. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीत जवळजवळ तीस तास बसून होती. पलीकडे खाकीतला माणूस, त्याच्या मागे भिंतीवर अशोकस्तंभ. जेवायला उठायचं तर परवानगी, गोळी घ्यायची तर परवानगी. संध्याकाळी तिने विचारलं, ‘साब, देव के आगे दिवा लगाके आऊं क्या?’ तो म्हणाला, ‘जाइए, लेकिन कॅमेरा चालू रखिए.’ तिने फोन देव्हाऱ्यापाशी नेला, निरांजन लावलं आणि त्या माणसाच्या देखत शुभंकरोती म्हटली. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन मुदत ठेव मोडली. काउंटरवर कुणी विचारलं तर ‘नातीच्या फीसाठी’ म्हणायचं, हेही त्यानेच पढवलं होतं. सहा लाख चाळीस हजार गेले.

हसू येत असेल तर थोडं थांबा. आत्याच्या कचेरीत शेजारच्या टेबलावरच्या एका माणसाला ऑडिटच्या आक्षेपावरून निलंबित केलं होतं. चौकशी सात वर्षं चालली. तो निर्दोष सुटला, पण तोवर मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं आणि पेन्शनची फाइल कुठल्या कपाटात आहे हे कुणालाच सांगता येत नव्हतं. ‘कर नाही त्याला डर कशाला’ ही म्हण आत्याने त्या टेबलाशेजारी बसून सात वर्षं तपासून पाहिली होती. दोषी ठरू याची भीती तिला नव्हतीच, चौकशी लागेल याची होती. आपल्याकडे चौकशी हीच शिक्षा असते, हे ज्याला पक्कं ठाऊक आहे तो या फोनपुढे आधी वाकतो. लोक म्हणतात चोर अडाणीपणाचा फायदा घेतात. आत्याच्या बाबतीत त्यांनी अनुभवाचा घेतला. (जाता जाता, तो माणूस हिंदीत दरडावत होता हेही महत्त्वाचं. हिंदीतून दरडावणारा म्हणजे दिल्लीचा, हे आपल्या डोक्यात बसलेलं आहे. तोच कोल्हापुरी मराठीत बोलला असता तर आत्याने ‘कुठल्या गावचे तुम्ही?’ म्हणत त्याची वंशावळ काढली असती.)

आता त्या दहा खुणांकडे येऊ. खरा अधिकारी फोनवर धमकावत नाही, खरा अधिकारी खासगी मोबाइलवरून फोन करत नाही, खरा अधिकारी घाई करत नाही. वाचायला छान. तीन वर्षांपूर्वी माझ्या पासपोर्टच्या पडताळणीसाठी फोन आला. दहा आकडी मोबाइल नंबर, नाव नाही, हुद्दा नाही. ‘कागद घेऊन उद्या अकराला या, नाहीतर निगेटिव्ह मारून टाकतो.’ तिन्ही खुणा जुळल्या. मी गेलो. माणूस शंभर टक्के खरा निघाला, वर चहाही पाजला. तेव्हा यादीवर विसंबलो असतो तर माझा पासपोर्ट अडकला असता. आत्याने माझ्या अनुभवावर विसंबून फोन धरून ठेवला असता तरी ती फसलीच असती. खऱ्याची आणि खोट्याची भाषा एकच असेल, तर ओळखायचं कशावरून?

‘पण व्हिडिओवरून अटक होत नसते, एवढं साधं कळू नये?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांनी गेल्या पाच-सहा वर्षांत आपल्याकडून काय काय करून घेतलं गेलं ते आठवावं. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने बँका व्हिडिओवरून केवायसी करतात. चेहरा कॅमेऱ्यासमोर धरा, पॅन कार्ड धरा, सांगतो तो आकडा वाचा. जन्मात न भेटलेल्या माणसासमोर आपण हे मुकाट करतो आणि ते पूर्ण कायदेशीर आहे. कोविडपासून न्यायालयांच्या सुनावण्या पडद्यावर होतात. १ जुलै २०२४ ला लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवायची सोय आहे. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की हजर राहण्याची नोटीस पोलिसांनी व्हॉट्सॲपवरून बजावू नये. सांगावं लागलं, याचा अर्थ तशा बजावल्या जात होत्या. बँक पडद्यावर, कोर्ट पडद्यावर, नोटीस पडद्यावर. फक्त अटक तेवढी पडद्यावर होत नाही, ही रेघ एकाहत्तर वर्षांच्या बाईने स्वतःच ओढायची?

कायद्यात ती रेघ आहे, आणि मोठी बोलकी आहे. संहितेच्या ४३व्या कलमाप्रमाणे अटक करताना पोलिसाने त्या माणसाच्या शरीराला प्रत्यक्ष स्पर्श करावा लागतो किंवा त्याला जखडावं लागतं. मुख्य अपवाद असा: त्या माणसाने शब्दाने किंवा कृतीने स्वतःहून ताबा मान्य केला तर. ही सगळी फसवणूक त्या अपवादाच्या फटीत उभी आहे. स्पर्श करणारं कुणी नसतंच, फक्त शरण जाणारा असतो. साखरेच्या डब्यासमोरच्या खुर्चीला कडी नव्हती.

आणि शरण जाणं ही मूर्खांची मक्तेदारी कधीच नव्हती. २४ मे १९७१ ला दिल्लीत स्टेट बँकेच्या पार्लमेंट स्ट्रीट शाखेत मुख्य रोखपाल वेदप्रकाश मल्होत्रा यांना फोन आला. आधी पंतप्रधानांच्या सचिवाचा आवाज, मग खुद्द इंदिरा गांधींचा. बांगलादेशच्या गुप्त कामासाठी साठ लाख रुपये हवेत, अमुक परवलीचा शब्द सांगणाऱ्याला द्या. मल्होत्रांनी पेटी गाडीत घालून नेली आणि रस्त्यावर एका माणसाच्या हवाली केली. तो माणूस म्हणजे निवृत्त कॅप्टन रुस्तम सोहराब नगरवाला. या प्रकरणाभोवती पुढे बरेच तर्क झाले, आयोगही नेमला गेला. ते बाजूला ठेवू. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. पैसे दिल्यावर मल्होत्रा पावती मागायला पंतप्रधानांच्या निवासस्थानी गेले. तिथे कळलं की असा फोन कुणी केलाच नव्हता. लगेच पोलीस धावले आणि त्याच दिवशी नगरवाला सापडला, बरीचशी रक्कमही सापडली. म्हणजे उलट विचारणा करताक्षणी बिंग फुटलं. फक्त ती विचारणा पैसे देण्याआधी करायची हिंमत रोख रक्कम सांभाळण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला झाली नाही. पंतप्रधानांना ‘थांबा, मी फोन करून खात्री करतो’ कोण म्हणणार?

‘तोतया’ हा शब्द आपण रोज पेपरात वाचतो, पण त्यामागची गोष्ट याच प्रश्नाची आहे. पानिपतावर १७६१ साली पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने एक माणूस उभा राहिला. माधवराव पेशव्यांच्या काळातच त्याची चौकशी होऊन तो कैदेत पडला होता. तरी १७७६ साली रत्नागिरीच्या सुभेदारानेच त्याला मोकळं केलं आणि बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्या हाती जाऊ लागले. पुढे तो पकडला गेला आणि पुण्यात त्याला देहदंड झाला. आता दारात फौज घेऊन उभा असलेला माणूस भाऊसाहेब म्हणवतोय, आणि आपण किल्लेदार आहोत असं समजा. खोट्याला खरं मानलं तर उद्या ‘फसलो’ म्हणता येईल. पण खऱ्या भाऊंना दार लावलं असेल तर? मग मान राहील का? दोन चुकांपैकी एकीची किंमत इतकी जबर असेल, तर माणूस दुसरी चूक करणार. याला मूर्खपणा म्हणता येत नाही, हा हिशेब आहे. आत्याने तोच हिशेब केला. मल्होत्रांनी तोच केला. मार्च १९८७ मध्ये मुंबईत ऑपेरा हाउसजवळच्या एका मोठ्या सराफी पेढीवर ‘सीबीआयचा छापा’ पडला तेव्हा पेढीवाल्यांनीही तोच केला. त्या छाप्यातली पंचवीस-तीस माणसं पेपरातली जाहिरात वाचून नोकरीसाठी आलेली होती आणि आपण खरंच छापा घालतोय असं समजत होती! म्होरक्या दागिने घेऊन गेला तो आजवर सापडला नाही.

माझा सगळा युक्तिवाद या हिशेबावर उभा आहे. खऱ्या साहेबाचा अपमान महाग आणि खोट्या साहेबाची आज्ञा स्वस्त, असं जोवर वाटतंय तोवर कितीही खुणा पाठ करून घ्या, ऐन वेळी हात थरथरणारच.

सरकार काही करत नाही असं मात्र नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधान या विषयावर बोलले, थांबा, विचार करा, कृती करा असं त्यांनी सांगितलं आणि कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्टच नाही हेही स्पष्ट केलं. १९३० ही मदतवाहिनी आहे, आणि पैसे गेल्यावर पहिल्या तासाभरात तिथे फोन केला तर रक्कम वाटेतच गोठवली जायची शक्यता खरोखर वाढते. हे काम मोलाचं आहे. मग अमिताभ बच्चन यांच्या आवाजातली ती सूचना कित्येक महिने आपण ऐकली. चांगला आवाज, चांगला हेतू. पण ती वाजायची आपण फोन लावला की. चोर तर आपल्याला फोन लावतो! ज्याला सावध करायचं त्याला त्या घटकेला ती ऐकूच येत नव्हती. ऐकू यायची ती दवाखान्याला फोन लावणाऱ्याला. आणि सूचनेत सांगायचंच होतं तर किती सांगता आलं असतं. संहितेच्या १७९व्या कलमाप्रमाणे पोलिसांना साक्षीदार म्हणून कुणाचा जबाब हवा असेल, तर बाईला किंवा साठीपुढच्या पुरुषाला ठाण्यावर यायची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी त्यांच्या घरी जायचं असतं. तीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेल्या आत्याला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. ‘सावध राहा’ सगळे सांगतात. ‘तुमचा हक्क हा आहे’ हे कुणी सांगत नाही.

संसदेत २०२५ साली दिलेली आकडेवारी अशी: २०२२ मध्ये डिजिटल अरेस्ट आणि तत्सम गुन्हे ३९,९२५, गेलेली रक्कम ९१ कोटी. २०२४ मध्ये गुन्हे १,२३,६७२, रक्कम १,९३५ कोटी. गुन्हे तिप्पट झाले, रक्कम एकवीसपट. भागाकार केला तर दर गुन्ह्यामागे तेवीस हजारांच्या आसपास असलेला आकडा दीड लाखाच्या वर गेला. चोर अडाण्यांच्या मागे असते तर आकडा असा चढला असता का? ते गेले पुंजी असलेल्यांकडे, म्हणजे शिकलेल्या, नोकरी करून निवृत्त झालेल्या, नियम पाळणाऱ्या लोकांकडे. पंतप्रधानांच्या त्या आवाहनानंतर जवळजवळ वर्षभराने हरियाणातल्या अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याचे एक कोटीहून जास्त रुपये गेले, तेही सर्वोच्च न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरात असे गुन्हे तपासासाठी सीबीआयकडे सोपवले. ज्या नावाने लोकांना घाबरवलं जातं त्याच नावाच्या संस्थेकडे तपास. आता सीबीआयने एखाद्या फसलेल्या म्हाताऱ्याला जबाबासाठी फोन केला, तर त्याने उचलावा की ठेवावा?

ही थट्टा नाही, माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात जड आक्षेप हाच आहे. सगळ्यांनीच फोन ठेवायला सुरुवात केली तर पोलिसांनी काम कसं करायचं? अपघात झालाय, मुलगा इस्पितळात आहे, असा खरा फोन आला आणि बापाने ठेवून दिला तर? मान्य, असं होईल. पण नीट पाहिलं तर अपघाताच्या फोनमध्ये बातमी असते, हुकूम नसतो. बातमी ऐकून ठेवावा आणि इस्पितळाचा नंबर स्वतः शोधून लावावा. उरलेल्या सरकारी कामांपैकी फोन ठेवल्याने कायमचं बुडेल असं काम मला आजवर सापडलेलं नाही. समन्स कागदावर येऊ शकतं, हवालदार दारात येऊ शकतो, बँकेची शाखा कोपऱ्यावर असते. फोन ठेवल्यावर मरतं ते फक्त खोट्याचं काम. म्हणून तर तो जिवाच्या आकांताने सांगत असतो, कॉल कट करू नका.

दुसरा आक्षेप रोकठोक लोकांचा. शेवटी बटण दाबलं कुणी? सज्ञान माणसाच्या चुकीचं ओझं सरकारने का वाहावं? मी यातला अर्धा भाग मान्य करतो. प्रत्येक फोनशेजारी पोलीस उभा करता येणार नाही, आणि घरोघरी हा नियम आपणच लावायला हवा. पण उरलेल्या अर्ध्याचं काय? साहेबाचा आवाज ऐकला की उभं राहायचं, ही सवय आत्याने घरी बसून लावून घेतलेली नाही. शाळेपासून तहसील कचेरीपर्यंत सगळ्यांनी मिळून ती लावली, आणि तिचा लाभ खऱ्या साहेबांनी आधी घेतला. चोर नंतर आले.

तिसरं म्हणणं असं की खरी मुळं भाड्याने दिलेल्या बँक खात्यांत, बनावट सिमकार्डांत आणि म्यानमार-कंबोडियातल्या अड्ड्यांत आहेत. तिथे घाव घाला. घालाच. मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या अशा अड्ड्यांतून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना वायुदलाच्या विमानांनी परत आणलं, त्यांतले अनेक नोकरीच्या आमिषाने नेलेले होते. दरडावणारा आवाजही कधी कधी कुणाच्या तरी धाकाखाली असतो. पण अड्डे बंद होईपर्यंत आत्याने काय करायचं, याचं उत्तर त्यात नाही.

मग सरकारने करायचं काय? फार मोठं काही नाही. फोनवरून सांगितलेली गोष्ट केली नाही म्हणून कुणावर कारवाई होणार नाही, असं प्रत्येक खात्याने लेखी जाहीर करावं आणि ते ठाण्याच्या, तहसीलच्या, बँकेच्या दारावर लावावं. फोन करणाऱ्याने नाव, हुद्दा आणि कचेरीचा नंबर सांगून ‘खात्री करून घ्या, मग बोलू’ म्हणायची सक्ती असावी; ‘निगेटिव्ह मारतो’ म्हणणाऱ्याला जाब विचारला जावा. दिशा अशक्य नाही. सक्तवसुली संचालनालयाने आपल्या समन्सवर क्यूआर कोड छापायला सुरुवात केली आहे, समन्स खरं की खोटं हे कुणालाही तपासता यावं म्हणून. बँकांच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे वेगळे क्रमांक ठरले आहेत. या दोन्हींमागे एक कबुली आहे: आपण खरे आहोत हे सिद्ध करायची जबाबदारी साहेबाची, नागरिकाची नव्हे. बँकेने म्हाताऱ्या माणसाची मोडलेली ठेव अनोळखी खात्यात जाण्याआधी काही तास थांबवावी का, यावर मात्र मी अजून घुटमळतो. माझे पैसे मी कधी काढायचे हे काउंटरवरच्या मुलाने ठरवावं, हे पटत नाही. ज्याला हवं त्याने आधीच लिहून द्यावं, एवढं चालेल.

आत्याने आपल्यापुरता नियम केला आहे. हुकमाचा फोन आला की ‘नाव आणि कचेरी सांगा, मी येते’ एवढं म्हणून ती ठेवते. उत्तर ऐकायलाही थांबत नाही. गेल्या नोव्हेंबरात तिच्या बँकेतून हयातीच्या दाखल्यासाठी खरोखरच फोन आला होता. ‘आजच्या आज करा, नाहीतर पेन्शन थांबेल.’ तिने ठेवला, रिक्षा केली, शाखेत गेली आणि काउंटरपुढे उभं राहून मोठ्याने विचारलं, ‘मला फोन कुणी केला होता?’ एका मुलाने हात वर केला. दाखल्याचं काम दहा मिनिटांत झालं. पुढे एकदा मी तिच्याबरोबर गेलो, तेव्हा त्याच मुलाने मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, ‘आजींना जरा सांगा ना, फोनवर फार तोडून बोलतात.’